चूक दाखवा, वाटही दाखवा



गेल्या वर्षीची गोष्ट. आमच्या वस्तीतली बारावीची एक मुलगी शिष्यवृत्तीचा अर्ज भरायला नाक्यावरच्या संगणक केंद्रात गेली. सगळी माहिती भरली, बटण दाबले, तर पडद्यावर तांबडी अक्षरे उमटली : 'अवैध नोंद'. कोणती नोंद, का अवैध, काही नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा भरले, पुन्हा तेच. दोन्ही वेळा केंद्राचे पैसे गेले. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी ती माझ्याकडे आली. "काका, उद्या शेवटची तारीख आहे. आमचा दाखला खोटा आहे, असं म्हणतंय का हो ते?"

दाखला खरा होता. उत्पन्नाच्या रकान्यात तिने '९६,०००' लिहिले होते. यंत्राला मधला स्वल्पविराम चालत नव्हता! एकेक रकाना बदलून पाहताना आम्हाला तासाभराने तो सापडला. 'रकमेत फक्त आकडे लिहा' एवढे चार शब्द कुणी लिहिले असते, तर त्या पोरीची दोन रात्रींची झोप गेली नसती.

हे शब्द यंत्र लिहीत नाही, माणूस लिहितो. म्हणून माणसाने मनावर घेतले तर ते सुधारतात. याचे एक चांगले उदाहरण आज सांगतो.

'पायथॉन' ही संगणकाला आज्ञा देण्याची भाषा आहे. ग्विडो व्हॅन रॉसम यांनी ती १९९१ साली प्रथम लोकांपुढे ठेवली. ती 'ओपन सोर्स' आहे. म्हणजे तिचा आतला मजकूर कुणीही फुकट वाचावा, वापरावा आणि दुरुस्ती सुचवावी. जगभर अनेक मुले ती शिकतात. परंतु पूर्वी एखादा महिरपी कंस उघडून बंद करायचा राहिला, तर पायथॉन बहुधा पुढच्याच ओळीकडे बोट दाखवून म्हणे, 'वाक्यरचना चुकीची'. शिकणारा बिचारा ज्या ओळीत चूक नाही तीच ओळ शंभरदा वाचणार! ऑक्टोबर २०२१ मध्ये पायथॉनची ३.१० ही आवृत्ती आली, आणि हाच संदेश बदलला : 'हा कंस बंद केलेला नाही', तोही कंस जिथे उघडला त्या ओळीवर बोट ठेवून. एखादे नाव लिहिताना अक्षर चुकले तर ती विचारते, 'तुम्हाला अमुक म्हणायचे होते का?' किती फरक! पहिल्यात हुकूम आहे, दुसऱ्यात शिक्षक आहे.

ही सुधारणा होते कशी? कुणी बदल सुचवला की तो लगेच आत जात नाही. दुसरी जाणती माणसे तो ओळ न् ओळ तपासतात, शंका विचारतात. याला 'कोड रिव्ह्यू' म्हणतात. आमच्या हिशेबखात्यात एकाने लिहिलेले व्हाउचर दुसरा तपासतो, तसेच. मुद्दाम चुकीचे प्रोग्रॅम लिहून संदेश बरोबर येतो की नाही, हेही पाहिले जाते.

तपासणी हलगर्जीपणाने झाली तर काय होते? इंटरनेटवरची देवाणघेवाण गुप्त ठेवणाऱ्या 'ओपन एसएसएल' या ओपन सोर्स सॉफ्टवेअरमध्ये २०११ च्या अखेरीस एक चूक शिरली. तपासणाऱ्याच्या नजरेतूनही ती सुटली. एप्रिल २०१४ मध्ये ती 'हार्टब्लीड' नावाने उघडकीला आली, तोवर असंख्य संगणकांतली गुपिते उघड्यावर होती. सगळे जग वापरत होते, पण सांभाळणारी माणसे मूठभर!

आणि तपासणी कठोर असावी म्हणजे माणसाला टाकून बोलावे, असे नव्हे. 'लिनक्स' सुरू करणारे लिनस टॉरवाल्ड्स कामाचे पक्के, पण इतरांची चूक दाखवताना फार बोचरे लिहीत. सप्टेंबर २०१८ मध्ये त्यांनी याबद्दल जाहीर माफी मागितली, काही दिवस कामातून बाजूला झाले, आणि लिनक्सने वागणुकीचे नियम स्वीकारले. एवढ्या मोठ्या माणसाला जे कबूल करता आले, ते आपल्याला का येऊ नये?

मी स्वतः कारकून. किती वर्षे मी परत आलेल्या अर्जावर नुसते 'त्रुटी' असे लिहून मोकळा होत असे. माणूस पुन्हा रजा टाकून, भाडे खर्चून यायचा. आता मी कोणता कागद कमी आहे आणि तो कुठे मिळेल, तेही लिहितो. मिनिटभर जास्त लागतो, दुसऱ्याची एक दिवसाची मजुरी वाचते.

तेव्हा दोन गोष्टी करा. अर्ज अडला की पडद्यावरचे शब्द जसेच्या तसे उतरवून घ्या, आणि ज्यांचे ते संकेतस्थळ आहे त्यांना लेखी कळवा. आणि घरात मूल संगणक शिकत असेल तर त्याला ओपन सोर्सच्या कामाची ओळख करून द्या. संदेश सोपे करणे, मराठीत आणणे हे नवशिक्यालाही जमण्यासारखे काम आहे. फायरफॉक्स मराठीत दिसतो, तो अशाच स्वयंसेवकांमुळे.

त्या मुलीचा अर्ज शेवटच्या दिवशी गेला. ती आता पायथॉन शिकते आहे. परवा मला म्हणाली, "काका, मी लिहीन तेव्हा 'अवैध' हा शब्द लिहिणार नाही."