व्हॉट्सॲप नसलेला माणूस मागासलेला नसतो



आपल्या रविवारच्या पुरवणीतला ‘गावाकडचा सोशल मीडिया’ हा लेख वाचला आणि दोन दिवस चिडचिड झाली. शिरूर-दौंडकडे जे अजून व्हॉट्सॲप-फेसबुकवर नाहीत ते ‘बदलाला घाबरतात’, असं लेखकमहाशयांचं निदान आहे. ते इकडे कधी आले होते, हे काही लेखात नाही.

मी कृषी खात्यात विस्ताराचं काम करून निवृत्त झालो. नवी गोष्ट लोकांत कशी पसरते, हे आम्हाला एव्हरेट रॉजर्सच्या 1962 च्या पुस्तकाच्या आधारे शिकवलं जाई. आधी मूठभर धाडसी, मग जाणते, मग बहुसंख्य आणि सगळ्यात शेवटी रेंगाळणारे. रॉजर्स स्वतः अमेरिकेतल्या आयोवाच्या शेतकऱ्याचा मुलगा. वडिलांनी संकरित मका पेरायचं नाकारलं आणि 1936 च्या दुष्काळात शेजाऱ्यांचा मका उभा राहिला, यांचा वाळून गेला. प्रशिक्षणात ही गोष्ट रंगवून सांगत. आमच्याकडची गोष्ट मात्र कुणी सांगत नसे. 1960 च्या दशकात सीएसएच-1 ही हायब्रीड ज्वारी आली. उतारा चांगला, पण भाकरीला चव नाही आणि ताट बुटकं, म्हणजे जनावरांना कडबा कमी. लोकांनी रब्बीची मालदांडी सोडली नाही. आमच्यातलेच काही साहेब त्यांना अडाणी म्हणत. आज शहरातल्या दुकानांत ‘मालदांडी’ अशी पाटी लावून तीच ज्वारी चढ्या भावाने विकली जाते. नाही म्हणणाऱ्याकडे कारण असतं, विचारायला मात्र कुणी जात नाही.

आता मुद्द्याचं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (2019-21) देशाच्या ग्रामीण भागात कधीतरी इंटरनेट वापरलेल्या स्त्रिया होत्या 24.6 टक्के, पुरुष 48.7 टक्के. कधीतरी, म्हणजे आयुष्यात एकदा वापरलं असलं तरी धरलेलं आहे! आकडा जुना झाला म्हणाल, तर दुप्पट करून घ्या. तरी निम्म्या बायका बाहेरच राहतात. या सगळ्या घाबरट? घरात एकच स्मार्टफोन, तो नवऱ्याच्या खिशात आणि नवरा रांजणगावच्या एमआयडीसीत पहिल्या पाळीला. बायको उसात. सुनेच्या हातात फोन दिसला की सासू विचारते, कुणाशी बोलतेस. तिने स्वतःचा फोटो लावला की दीर विचारतो, कशाला. तिने व्हॉट्सॲप नाकारलं असं लिहायचं, की तिला ते मिळू दिलं नाही असं लिहायचं, हे लेखकाने ठरवावं.

अशा अर्धवट पोहोचलेल्या इंटरनेटच्या भरवशावर आता सगळ्या सूचना ग्रुपवर चालतात. ग्रामसभेची तारीख ग्रुपवर, कालव्याचं आवर्तन ग्रुपवर, शाळेची सुट्टी ग्रुपवर, लाईट कधी येणार तेही ग्रुपवर. आमच्याकडे एका कार्यालयात मी विचारलं की नोटीस फलकावर काहीच कसं नाही, तर उत्तर मिळालं, ‘आजोबा, टाकलंय की ग्रुपला!’ दवंडी तर बंदच झाली. 2016 च्या सप्टेंबरात जिओ आलं, फुकटात डेटा मिळाला आणि लोक आत गेले, हे खरं. पण आज जे शेवटचे उरलेसुरले आत शिरताहेत ते हौसेने नाही, बाहेर राहिलं तर पाण्याची पाळी चुकते म्हणून. याला ‘स्वीकार’ म्हणणं म्हणजे थट्टा आहे.

बिबट्याचंच घ्या. 2025 च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात पिंपरखेड परिसरात तीन आठवड्यांत तीन जीव गेले, दोन लेकरं आणि एक वृद्धा. त्यानंतर आमच्या बेट भागातल्या प्रत्येक ग्रुपवर रात्रंदिवस बिबटे. बिबट्या ज्यांच्यावर झडप घालतो ती लेकरं आणि म्हाताऱ्या कुठल्या ग्रुपवर असतात, सांगा. त्यात एआयने बनवलेल्या बिबट्यांची भर पडली आणि ते खोटे आहेत हे सांगण्यात वनखात्याचा वेळ गेला. पुणे जिल्ह्यात ग्राम सुरक्षा यंत्रणा आहे. एकाने टोल फ्री नंबर लावून निरोप दिला की परिसरातल्या नोंदणी केलेल्या सगळ्यांचे फोन वाजतात आणि त्याचाच आवाज ऐकू येतो. बटणाच्या फोनवरही. ना फोटो, ना इंटरनेट, ना वाचता येण्याची अट. मग आधी तिच्यावर का नाही सांगत? माझं स्पष्ट मत आहे की तिथे लाइक मिळत नाही म्हणून. पिंजऱ्याशेजारी उभं राहून काढलेला फोटो तिथे टाकता येत नाही.

आणि जे आत जाऊन बाहेर पडले त्यांचं काय? दौंडकडच्या यवतला 1 ऑगस्ट 2025 रोजी एका पोस्टवरून दगडफेक, जाळपोळ झाली, पोलिसांना अश्रुधूर सोडावा लागला. दौंड तालुक्यातले माझे व्याही त्यानंतर सगळ्या ग्रुपमधून निघाले. ‘दुसऱ्याने टाकायचं आणि चौकीत आम्ही बसायचं, नको ते,’ म्हणाले. त्याआधी 2024 च्या पावसाळ्यात ड्रोनच्या अफवांनी दोन्ही तालुक्यांत लोक काठ्या घेऊन रात्री जागत होते. 1 जानेवारी 2018 ला कोरेगाव भीमात हिंसाचार झाला तेव्हा काय घडलं, हे तर शिरूरकरांना सांगायला नको. 1 जुलै 2018 ला धुळ्याच्या राईनपाड्यात मुलं पळवण्याच्या अफवेवरून पाच भिक्षेकऱ्यांना ठेचून मारलं, तेव्हा कुठे त्या महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक निरोप एकावेळी पाचच ठिकाणी पाठवण्याची मर्यादा आणली. कंपनीला जी भीती कळली, ती माझ्या व्याह्यांना कळली तर ते मागासलेले!

मी स्वतः व्हॉट्सॲपवर आहे, नातवंडांचे फोटो बघतो, कांद्याचा भावही बघतो. माझा राग वस्तूवर नाही. जी सूचना फक्त ग्रुपवर टाकली ती दिलीच नाही असं धरावं, एवढं एक सरकारने लेखी काढावं. ग्रामपंचायत असो, पाटबंधारे असो वा शाळा, फलकावर कागद आणि गावात दवंडी. भोंग्यावरून दिली तरी चालेल.

जाता जाता आपल्याबद्दलही. चार महिन्यांपासून आपल्या अंकात बाजारभावाचा रकाना अर्धा झाला आहे आणि उरलेल्या जागेत काळा-पांढरा चौकोन छापून ‘सविस्तर भावांसाठी स्कॅन करा’ असं लिहिलेलं असतं. आमचे एक शेजारी केवळ कांद्याच्या भावासाठी आपला अंक घेतात, त्यांचा फोन बटणाचा आहे. त्यांनी तो चौकोन चष्मा लावून बघितला, मग मला विचारलं, ‘साहेब, यात चाकणचा भाव कुठाय?’ चाकण, शिरूर आणि दौंडचे भाव पुन्हा पूर्ण छापावेत. जागा नसेल तर वधूवरांच्या रंगीत जाहिराती थोड्या आटोपत्या घ्या.

आपला,
एक निवृत्त कृषी सहायक,
बेट भाग, ता. शिरूर