विश्वासरावांना न लागलेली गोळी

गेल्या हिवाळ्यात निरनिराळ्या भारतीय भाषांचा अभ्यास करणाऱ्या दहा-बारा विद्यार्थ्यांना घेऊन मी काला अंबला गेलो होतो. दिल्लीच्या उत्तरेस सुमारे नव्वद किलोमीटरवर पानिपत, आणि त्या शहरापासून सात-आठ किलोमीटरवर शेतांच्या मध्ये हे ठिकाण. रणभूमीवर सांडलेल्या रक्ताने येथल्या आंब्याचा रंग काळा पडला, अशी लोकांची श्रद्धा आहे. तो वृक्ष आता नाही. त्याच्या जागी स्तंभ आहे आणि भोवती राखलेली बाग. धुके इतके दाट होते की स्तंभापलीकडचे काही दिसत नव्हते. मी सवयीने १४ जानेवारी १७६१ ची हकीकत सांगितली. ती संपल्यावर हरियाणातल्याच एका विद्यार्थिनीने विचारले, "सर, इथे जे झाले ते समजून घ्यायचे तर काय वाचावे?"

अशा प्रश्नाचे ठरावीक उत्तर आम्हा प्राध्यापकांपाशी तयार असते. 'भाऊसाहेबांची बखर', शुजाउद्दौल्याच्या पदरी असलेल्या काशीराज पंडिताचा फारसी वृत्तांत, त्र्यंबक शंकर शेजवलकरांचा ग्रंथ, विश्वास पाटलांची १९८८ सालची 'पानिपत' ही कादंबरी. ही नावे मी सांगितली. परंतु परतीच्या वाटेवर मला सारखे वाटत राहिले की हे उत्तर अपुरे होते. ज्या दोन वाङ्मयप्रकारांनी मला तरुणपणी युद्धाविषयी विचार करायला लावले, त्यांचा मी उच्चारही केला नव्हता. ते प्रकार म्हणजे लष्करी साहसकथा आणि विज्ञान कादंबरी. शाळेत असताना गुरुनाथ नाईकांच्या कॅप्टन दीपच्या पुस्तिका मी भूगोलाच्या वहीत लपवून वाचत असे. पुढे तौलनिक साहित्याची पदवी घेतली, पण ती वही काही मी उघडली नाही. प्रस्तुत टिपण म्हणजे त्या लपवाछपवीचे उशिरा केलेले परिमार्जन आहे.

मराठी मनाने पानिपत प्रथम भाषेत साठवले. एखाद्याचा पुरता पराभव झाला की त्याचे 'पानिपत झाले' असे आपण म्हणतो. विश्वास ठेवण्याची गोष्ट निघाली की 'विश्वास तर पानिपतावरच गेला' हे उत्तर आजही कानी पडते. अठरा वर्षांच्या एका राजपुत्राच्या मृत्यूवर केलेला हा श्लेष अडीचशेहून अधिक वर्षे टिकला, यातच त्या जखमेची खोली दिसते. मात्र शोकाच्या भाषेची एक मर्यादा असते. झालेली गोष्ट व्हायचीच होती, असे ती हळूहळू पटवून देते. नियती, दैव, ग्रहदशा हे शब्द आले की कारणांचा शोध थांबतो. आपल्या ऐतिहासिक कादंबरीच्या बऱ्याच मोठ्या भागाने ही शोकभाषाच अलंकृत केली, असे माझे मत आहे.

चांगली लष्करी कादंबरी नेमकी येथे वेगळी पडते. ती 'हाय हाय' म्हणण्यापूर्वी 'कसे?' हा प्रश्न विचारते. दारूगोळा किती, दाणावैरण किती दिवसांची, नदीला उतार कोठे, निरोप पोचायला किती वेळ लागेल? पानिपताची खरी कथा या प्रश्नांतच आहे. १७६० च्या ऑक्टोबरात मराठ्यांनी कुंजपुरा घेतला. त्याच महिन्याच्या अखेरीस अब्दालीने बागपतापाशी यमुना ओलांडली आणि दिल्लीची वाट अडवली. त्यानंतर सुमारे अडीच महिने दोन्ही सैन्ये समोरासमोर बसून राहिली. डिसेंबरात गोविंदपंत बुंदेले मारले गेले आणि रसदीची उरलीसुरली आशा मावळली. उपाशी माणसे आणि उपाशी जनावरे घेऊन भाऊसाहेब शेवटी बाहेर पडले. पाटलांची कादंबरी वाचकांनी उचलून धरली याचे एक कारण मला असे दिसते की, त्यांनी वीरश्रीइतकेच महत्त्व या उपासमारीला दिले. ज्या गुणाबद्दल आपण तिला थोर ऐतिहासिक कादंबरी म्हणतो, तो गुण मुळात लष्करी कादंबरीचा आहे.

अॅलिस्टर मॅक्लीनच्या कादंबऱ्या मराठी अनुवादात आवडीने वाचल्या जातात, पण त्यांच्याविषयी समीक्षक बोलत नाहीत. त्यांतले मनुष्यस्वभावाचे चित्रण उथळ आहे, हे मान्य. तरीही थंडी, थकवा, दोराची लांबी आणि घड्याळाचे काटे यांना कथानकात जे स्थान तेथे मिळते, ते आमच्या पुष्कळ गंभीर कादंबऱ्यांत मिळत नाही. दुसऱ्या टोकाला विश्राम बेडेकरांची १९३९ ची 'रणांगण' आहे. तिच्यात तोफ नाही, खंदक नाही; एका बोटीवर चक्रधर आणि जर्मनीतून परागंदा झालेली ज्यू तरुणी हॅर्टा यांची भेट होते, एवढेच. पण येऊ घातलेले महायुद्ध त्या बोटीच्या प्रत्येक फळीत जाणवते. मॅक्लीन वाचलेल्या वाचकाने 'रणांगण' वाचावी आणि 'रणांगण' पढवणाऱ्याने मॅक्लीन वाचावा. एकाला युद्धाची यंत्रणा कळते, दुसऱ्याला त्या यंत्रणेत सापडलेले माणूसपण; आणि दोहोंवाचून युद्धाचे आकलन पांगळे राहते.

आता विज्ञान कादंबरीकडे वळू. युद्धकथा आणि विज्ञानकथा यांचा संबंध वरवरचा नाही. त्या जवळजवळ एकाच पाळण्यात वाढल्या. १८७१ साली ब्रिटनमधील एका मासिकात 'डॉर्किंगची लढाई' ही कथा निनावी छापून आली. परकीय सैन्य इंग्लंडात उतरते आणि बेसावध इंग्लंड हरते, असे तिचे कथानक. तिचा लेखक जॉर्ज चेस्नी हा हिंदुस्थानातला लष्करी अभियंता होता आणि १८५७ मध्ये दिल्लीच्या वेढ्यात जखमी झालेला होता. भावी युद्धांच्या कल्पित कथांची लाट या कथेपासून उसळली. १८९८ मध्ये एच. जी. वेल्सने त्याच साच्यात मंगळवासीयांना आणून बसवले, आणि टास्मानियातील मूळ रहिवाशांचा युरोपीयांनी केलेला संहार आपल्या वाचकांना आरंभीच आठवून दिला. 'जे आम्ही इतरांचे केले ते कोणी आमचे केले तर?' या प्रश्नातून ती कादंबरी जन्मली.

भारतीय साहित्याच्या अभ्यासकांनी मात्र येथे थोडे मागे जावे. चेस्नीच्या छत्तीस वर्षे आधी, १८३५ मध्ये, कलकत्त्याच्या कैलासचंद्र दत्त या तरुणाने इंग्रजीत एक कथा लिहिली. तिच्यात १९४५ साली हिंदी लोक इंग्रजांविरुद्ध सशस्त्र उठाव करतात. तो उठाव फसतो, पण त्याची कल्पना करता आली, हेच मोठे. दहा वर्षांनी शशीचंद्र दत्त यांनी विसाव्या शतकातल्या ओरिसाच्या प्रजासत्ताकाची कथा लिहिली. सत्ताधाऱ्याने भयापोटी जे कल्पिले, ते सत्तेखाली दबलेल्याने स्वातंत्र्याच्या इच्छेपोटी त्याच्या आधीच कल्पिले होते. हा वाङ्मयप्रकार पश्चिमेकडून उसना आणलेला आहे असे म्हणून ज्यांना तो अभ्यासक्रमाबाहेर ठेवायचा असेल, त्यांनी या दोन कथांना उत्तर द्यावे.

मराठीत या प्रकाराला प्रतिष्ठा मिळवून देण्यात जयंत नारळीकरांचा वाटा मोठा आहे. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत त्यांनी 'नारायण विनायक जगताप' असे टोपणनाव घेऊन 'कृष्णविवर' ही कथा पाठवली आणि तिला पारितोषिक मिळाले. ख्यातनाम खगोलशास्त्रज्ञाला आपले नाव लपवून परीक्षा द्यावीशी वाटली, हे मला फार बोलके वाटते. २०२१ मध्ये नाशिकच्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले आणि मे २०२५ मध्ये त्यांचे निधन झाले. या दोन टोकांमध्ये लक्ष्मण लोंढे, बाळ फोंडके, निरंजन घाटे, सुबोध जावडेकर अशी नावे उभी राहिली. अरुण साधूंसारख्या राजकीय कादंबरीकारालाही 'विप्लवा' लिहावीशी वाटली.

नारळीकरांच्या 'गंगाधरपंतांचे पानिपत' या कथेसाठी मी काला अंबला परत जायला तयार आहे. इतिहासाचे प्राध्यापक गंगाधरपंत एका अपघातानंतर वेगळ्याच मुंबईत जाऊन पोचतात. तेथे ग्रंथालयात शोध घेताना त्यांना कळते की या जगात पानिपतावर विश्वासरावांना गोळी लागलीच नाही. ती निसटती गेली. मराठे जिंकले, आणि पुढचा सगळा इतिहास बदलला. ज्या भाषेने 'विश्वास पानिपतावर गेला' असे म्हणत पिढ्या काढल्या, त्या भाषेत एका वैज्ञानिकाने विश्वास जिवंत ठेवून पाहिला. शोकभाषेला दिलेले याहून नेमके उत्तर मला ठाऊक नाही.

यावर कोणी म्हणेल, हे तर निव्वळ मनोराज्य झाले! पराभूताने स्वप्नात लढाई जिंकण्यात काय पुरुषार्थ? आक्षेप रास्त आहे, पण या कथेला तो लागू पडत नाही. त्या विजयी जगातही मुंबईत इंग्रज आहेतच, तेथे त्यांचा भाडेपट्टा चालू आहे. शिवाय नऊशे नव्याण्णव सभांचे अध्यक्षपद भूषवलेले गंगाधरपंत तेथल्या एका सभेत रिकामी खुर्ची पाहून व्यासपीठावर चढतात, तेव्हा लोक त्यांना पिटाळून लावतात. त्या जगाने अध्यक्षीय भाषणांची प्रथाच मोडीत काढलेली असते. तेव्हा विजयाच्या जगात पराभवावर व्याख्याने देणाऱ्या आम्हा लोकांना जागा नाही! नारळीकरांचा हा चिमटा मी माझ्यापुरता मुकाट्याने स्वीकारला आहे. कथेचा गाभा मात्र गंभीर आहे. गोळीच्या मार्गातला अल्पसा फरक जर इतिहास पालटू शकतो, तर जे झाले ते अटळ नव्हते. आणि अटळ नव्हते म्हणूनच त्याची कारणे शोधणे हे आपले कर्तव्य ठरते.

शिफारस करताना एक इशाराही द्यायला हवा. लष्करी साहसकथा शत्रूचा द्वेष विकून सहज पैसे मिळवू शकते, आणि 'असे झाले असते तर' ही कथाही सूडाची भूक भागवण्यासाठी वापरता येते. पानिपताची ओळख दोन धर्मांतला सामना अशी करून देणारे पुष्कळ भेटतात. त्यांना इब्राहिमखान गारद्याचे काय करावे ते कळत नाही, कारण तो आपल्या तोफांसह भाऊसाहेबांच्या बाजूने लढला आणि त्यासाठी मेला. शुजाच्या फौजेबरोबर अब्दालीच्या बाजूने उभ्या राहिलेल्या अनुपगिर गोसाव्याच्या नागा पथकाचेही त्यांना काही करता येत नाही. म्हणून मी स्वतःपुरती एक कसोटी ठरवली आहे. पुस्तकात शत्रूच्या छावणीतही चूल पेटते का? तेथल्या माणसालाही भूक, भय आणि घरची आठवण आहे का? हे असेल तर पुस्तक वाचावे, नसेल तर ते कितीही वेगवान असले तरी बाजूला ठेवावे.

या कसोटीला उत्तम उतरणारी एक कादंबरी योगायोगाने 'कृष्णविवर'च्याच साली, १९७४ मध्ये, अमेरिकेत प्रसिद्ध झाली. ती म्हणजे जो हाल्डमन यांची 'द फॉरएव्हर वॉर'. हाल्डमन व्हिएतनामच्या युद्धात लढून जखमी झालेले. त्यांचा सैनिक दूरच्या ताऱ्यांवर लढतो. सापेक्षतावादाच्या नियमानुसार त्याची काही वर्षे जातात तेव्हा पृथ्वीवर शतके लोटतात. परत आलेल्या त्याला ओळखणारे जवळजवळ कोणी उरत नाही. अखेर कळते की एवढे प्रदीर्घ युद्ध गैरसमजातून सुरू झाले होते. मराठी वाचकाला ही कथा परकी वाटणार नाही. भाऊसाहेबांचे काय झाले हे निश्चित न कळल्याने पार्वतीबाईंनी वैधव्य पत्करले नाही, असे परंपरा सांगते. पुढे स्वतःला भाऊ म्हणवणारा तोतया उभा राहिला, आणि न. चिं. केळकरांनी त्यावर 'तोतयाचे बंड' हे नाटक लिहिले. रणांगणावरून परतणारा माणूस तोच असतो का, हा हाल्डमनचा प्रश्न पुण्याने अठराव्या शतकातच सोसला होता.

तेव्हा त्या विद्यार्थिनीला मी आता पुढील क्रम सुचवीन. प्रथम बखर वाचावी, म्हणजे शोक कळेल. मग पाटलांची 'पानिपत', म्हणजे भूक कळेल. मग 'रणांगण', आणि तिच्या जोडीला एखादी निखळ साहसकथा, अगदी कॅप्टन दीपसुद्धा. त्यानंतर 'गंगाधरपंतांचे पानिपत' आणि शेवटी हाल्डमन. बंगाली, मल्याळम, पंजाबी, उर्दू यांच्या अभ्यासकांनीही आपापल्या भाषेतल्या अशा वह्या उघडाव्यात आणि त्यांत दडवलेल्या पुस्तकांविषयी या पृष्ठांवर मोकळेपणाने लिहावे, अशी माझी विनंती आहे.

त्या दिवशी परत निघताना धुके थोडे विरळ झाले होते. स्तंभापलीकडे गव्हाची हिरवी शेते दिसू लागली. ती विद्यार्थिनी म्हणाली, "आमच्या गावात सांगतात की या मातीत तुमची माणसे आहेत." मी म्हणालो, "आमची आहेत, तशी त्यांचीही आहेत." तिने मान हलवली आणि विचारले, "मग सर, ही लढाई झालीच नसती तर?" हा प्रश्न नारळीकरांनीही विचारलेला नाही. ती कथा अजून कोणीतरी लिहायची आहे.