कुलपरिचयाचें मोल

सोयरीक जुळवितांना कुलगोत्र विचारावयास आपण विसरत नाहीं. परंतु प्राणिशास्त्रज्ञ डोळ्यांस न दिसणाऱ्या जंतूंचींहि कुळें मांडीत बसतात, असें ऐकलें म्हणजे हा निव्वळ पंडिती खटाटोप आहे असें पुष्कळांस वाटतें. तो तसा नाहीं, हें आमच्या विदर्भांतील एका हकीकतीवरून दाखवितां येतें.

ट्रिपॅनोसोमॅटिडी या नांवाचें एकपेशीय जीवांचें एक कुल आहे. यांतील जीवांस एकच कशाभिका असते. संस्कृतांत कशा म्हणजे चाबूक. चाबकासारख्या या तंतूच्या साह्यानें ते पोहतात. तिच्या मुळाशीं आनुवंशिक द्रव्याचा एक पुंजका असतो, त्यास कायनेटोप्लास्ट म्हणतात. काळा आजार उत्पन्न करणारा लीशमॅनिया याच कुलांतला, आणि ट्रिपॅनोसोमाहि त्यांतलाच. ग्रीक भाषेंत ट्रिपॅनॉन म्हणजे गिरमिट व सोमा म्हणजे शरीर, असा या नांवाचा विग्रह आहे.

१८८० सालीं ग्रिफिथ एव्हान्स या पशुवैद्यास डेरा इस्माइलखान येथें घोडे व उंट यांच्या रक्तांत एक जंतु आढळला. त्यास पुढें ट्रिपॅनोसोमा इव्हान्साय हें नांव मिळालें. त्याच्यामुळें जनावरांस सर्रा नांवाचा रोग होतो. ताप येतो, रक्त कमी होतें, अंग झिजतें. आफ्रिकेंतील निद्रारोगाच्या जंतूचा हा जवळचा भाऊबंद. तो भाऊबंद त्सेत्से माशीच्या शरीरांत वाढतो. याच्या कायनेटोप्लास्टचा कांहीं भाग लोपल्यामुळें यास तें साधत नाहीं. गोमाशीच्या रक्तानें माखलेल्या सोंडेवरून हा एका जनावराकडून दुसऱ्याकडे जातो. म्हणूनच त्सेत्से नसलेल्या आपल्या देशांतहि तो नांदतो.

मनुष्यास हा जंतु बाधत नाहीं असा समज होता. २००४ सालीं चंद्रपूर जिल्ह्यांतील एका शेतकऱ्याच्या रक्तांत तो सांपडला. त्यास पांच महिने ताप येत जात होता. जंतूचें घराणें कळलें, तेव्हां औषधहि कळलें. निद्रारोगावर पूर्वींपासून चालत आलेलें सुरामिन त्यास दिलें, व तो बरा झाला. कुलाची मांडणी आधीं झाली नसती, तर या औषधाची आठवण कोणास झाली असती?

पुढें २००६ सालीं कारणहि उलगडलें. आपल्या रक्तांत या जंतूस मारणारें अपोलिपोप्रोटीन एल-१ नांवाचें प्रथिन असतें. त्या शेतकऱ्यांत जन्मतःच त्याचा अभाव होता. त्याच्या गांवांतील १,८०६ लोकांची तपासणी झाली. पुष्कळांच्या रक्तांत जंतूशीं संबंध आल्याची खूण दिसली. परंतु ज्यांत ती ठळक होती, त्यांच्याहि रक्तांत जंतु मिळाला नाहीं.

आमच्या काटोलकडे संत्र्यांच्या बागा आणि गुरांचे गोठे जवळ जवळच असतात. वाचकांनीं गुरांची धास्ती घेऊं नये. मात्र गोमाशांचा उपद्रव वाढला व बैल खंगूं लागला, तर पशुवैद्यास दाखवावें. आणि घरांतील कोणाचा ताप लांबला, तर गोठ्यांतील आपला वावर डॉक्टरांस अवश्य सांगावा. तपासणाऱ्यास तेवढ्यावरूनहि दिशा सांपडूं शकते.