शुद्ध भाषा, अशुद्ध माणसं: गोदीच्या शब्दांचा हिशेब

‘शुद्ध’ आणि ‘अशुद्ध’ हे शब्द आपल्याकडे दोन गोष्टींसाठी वापरले गेले. एक, पाणी, अन्न आणि स्पर्श यांसाठी. दुसरं, बोलण्यासाठी. पहिल्या वापरातून उभी राहिलेली अस्पृश्यता संविधानाच्या कलम १७ नं रद्द केली. दुसरा वापर मात्र शाळेत, तोंडी परीक्षेत आणि नोकरीच्या मुलाखतीत आजही बिनदिक्कत चालतो. ‘तुमची भाषा अशुद्ध आहे’ असं सांगणाऱ्याला आपण जातीबद्दल काही बोललो, असं वाटतही नाही. माझं म्हणणं असं की हे दोन्ही वापर एकाच मुळातून आले आहेत. बंदराच्या शहरात ते मूळ उघडं पडतं.

मी मुंबईचा. वडील गोदीत मालाची चढउतार करायचे. धक्का, पाळी, टोळी, मुकादम हे आमच्या घरातले रोजचे शब्द. पदव्युत्तर प्रवेशाच्या मुलाखतीत ‘वडिलांची टोळी मोडली, तेव्हा घरात कडकी होती’ असं मी सांगितलं. समोरच्या एका प्राध्यापकांनी विचारलं, ‘टोळी म्हणजे? दरोडेखोरांची?’ बाकीचे हसले. एका हुकाखाली एकत्र राबणाऱ्या माणसांना टोळी म्हणतात, हे त्या खोलीत फक्त मला माहीत होतं. तरी अडाणी मीच ठरलो.

आता ज्या मराठीला शुद्ध म्हणतात, तिच्याकडे पाहू. पगार, चावी, बादली, घमेलं, मेस्त्री, तुरुंग, बटाटा, पाव हे सगळे शब्द पोर्तुगीज. जहाजांतून उतरले आणि भाषेत मुरले. हमाल आणि खलाशी अरबीतून आले. खुद्द ‘बंदर’ हा शब्द फारसी. हे शब्द संपादकीयात चालतात, पाठ्यपुस्तकात चालतात. त्याच धक्क्यावर, त्याच सरमिसळीतून तयार झालेले झोल, लोचा, कल्टी, खल्लास मात्र ‘टपोरी’ ठरतात. म्हणजे परकेपणाची कुणाला अडचण नाही. अडचण आहे ती शब्द कुणाच्या तोंडून आला याची.

तोंडाचा हा विटाळ मुंबईनं कारखान्यातही पाहिला आहे. कापड गिरण्यांच्या विणकाम खात्यात अस्पृश्य कामगारांना घेत नसत. कारण धोट्यातला धागा तोंडानं ओढावा लागे, आणि त्यांची थुंकी लागलेल्या धोट्याला इतर कामगार हात लावायला तयार नसत. त्या खात्यात मजुरी जास्त होती. १९२८ च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न उघडपणे मांडला. ज्या तोंडाची थुंकी बाटवते, त्या तोंडातला शब्दही बाटवतो, अशीच ही समजूत आहे. तिला आज ‘प्रमाणभाषेचा आग्रह’ असं सभ्य नाव आहे.

हा आग्रह जुना आहे. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी ‘निबंधमाले’त जोतीराव फुल्यांचा समाचार घेताना त्यांच्या भाषेची आणि व्याकरणाची टिंगल केली. ‘गुलामगिरी’तल्या प्रश्नांना उत्तर देण्यापेक्षा वाक्यरचनेवर बोट ठेवणं सोपं होतं. पहिल्या पिढीतल्या पदवीधराला हा डाव ओळखीचा वाटेल. आपण मुद्दा मांडतो आणि समोरचा ऱ्हस्व-दीर्घ काढतो.

शहराच्या बोलीत जात कुठे लपली आहे, तेही पाहायला हवं. ‘घाटी’ हा शब्द घ्या. घाट उतरून पोटासाठी मुंबईत आलेला माणूस, एवढाच त्याचा अर्थ. शहरानं त्याची शिवी केली. ‘बिगारी’ आला वेठबिगारीतून, म्हणजे मोबदला न देता सक्तीनं करून घेतलेल्या कामातून. शहरात मजुरी मिळू लागली, पण इमारतीच्या कामावर विटा वाहणाऱ्याचं नाव तेच राहिलं. अलीकडे समाजमाध्यमांवर ‘छपरी’ हा शब्द फिरतो. केस रंगवलेल्या, स्वस्त कपड्यातल्या मुलाला हिणवायला तो वापरतात. छपरं शाकारणाऱ्या छप्परबंद समाजाशी या शब्दाचं नातं सांगितलं जातं. विमुक्त-भटक्यांचं काम आणि वस्ती मिळून एक चेष्टेचा शब्द तयार झाला. तो वापरणाऱ्या बहुतेकांना आपण कुणाला शिवी देतोय हे माहीतही नसतं.

उलट, हीच बोली वरच्यांच्या तोंडी गेली की तिचा भाव वाढतो. ‘रंगीला’ (१९९५) आणि ‘मुन्नाभाई एम.बी.बी.एस.’ (२००३) या सिनेमांत नायक टपोरी बोलला, तेव्हा देशानं टाळ्या दिल्या. ऑगस्ट २०२२ मध्ये विधान भवनाच्या पायऱ्यांवर आमदारांनी ‘पन्नास खोके’ अशी घोषणा दिली आणि कोटी रुपयांना खोका म्हणणारी गल्लीची भाषा रातोरात राजकारणाची झाली. त्या आमदारांना कुणी अशुद्ध म्हटलं नाही. तोच शब्द गोदी कामगाराची मुलगी मुलाखतीत बोलली, तर तिची पार्श्वभूमी चर्चेला येते.

हे फक्त मुंबईत होतं असं नाही. चेन्नईच्या उत्तर भागात, बंदराच्या आसपासच्या वस्त्यांत ‘मद्रास भाषै’ बोलतात. तमिळ, तेलुगू, उर्दू आणि इंग्रजी यांची ती सरमिसळ. तमिळ सिनेमानं ती वर्षानुवर्षं विनोदी पात्रांच्या आणि रिक्षावाल्यांच्या तोंडी घातली. त्या बोलीतली एक गाजलेली शिवी आहे ‘कस्मालम’. तिचं मूळ संस्कृत ‘कश्मल’ म्हणजे मळ, आणि तो शब्द भगवद्गीतेच्या दुसऱ्या अध्यायात आहे. देवाच्या तोंडी तो संस्कृत, हातगाडी ओढणाऱ्याच्या तोंडी तो असभ्य. पा. रंजित यांनी ‘मद्रास’ (२०१४) या चित्रपटात ही वस्ती आणि तिची बोली गांभीर्यानं मांडली. पुढे ‘कास्टलेस कलेक्टिव्ह’नं उत्तर चेन्नईचं गाणा संगीत मोठ्या मंचावर नेलं आणि जातीबद्दल उघड गायलं.

आपल्याकडेही असं घडलं आहे. १९७२ मध्ये नामदेव ढसाळांचा ‘गोलपिठा’ आला. त्याला प्रस्तावना विजय तेंडुलकरांची. यातल्या कितीतरी शब्दांचे अर्थ आपल्याला माहीत नव्हते, हे तेंडुलकरांनी त्या प्रस्तावनेत मोकळेपणानं लिहिलं. मराठीत तेव्हा गोष्ट उलटी झाली: प्रस्थापित लेखक विचारत होता आणि कामाठीपुऱ्याच्या गल्ल्यांतला कवी सांगत होता. त्याआधी तीन वर्षं, १९६९ मध्ये, महाराष्ट्रात माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगारांसाठी कायदा झाला. ‘माथाडी’ हा शब्द कुठल्या शासकीय परिभाषा समितीनं घडवलेला नाही. माथ्यावर ओझं वाहणाऱ्यांचा तो शब्द. संघटना झाली, लढा झाला आणि तो शब्द जसाच्या तसा कायद्याच्या नावात बसला. माणसं संघटित झाली की त्यांच्या शब्दाला मान मिळतो, एवढं यातून घ्यावं.

मग आता घाई कशाची? घाई अशासाठी की हे शब्द मरत आहेत. १९८९ मध्ये न्हावा शेवा बंदर सुरू झालं, कंटेनर वाढले आणि मुंबईच्या जुन्या गोदीतलं हातानं करायचं काम आटत गेलं. माझ्या वडिलांच्या तोंडी ‘आरिया’ म्हणजे हूक खाली सोड आणि ‘हाबेस’ म्हणजे वर घे. ‘आरिया’चं मूळ पोर्तुगीज आहे. खलाशांच्या पिढ्यांनी हे हुकूम बंदराबंदरांतून, पुलांच्या कामांवर नेले. खलाशांच्या या भाषेचा कोश थॉमस रोबक या इंग्रज अधिकाऱ्यानं १८११ मध्येच छापला, कारण त्यांना खलाशांना हुकूम सोडायचे होते. आपल्याला हुकूम सोडायचे नाहीत. आपल्याला आपल्या आईबापाचं कसब लिहून ठेवायचं आहे, आणि त्यासाठी आपल्याइतकं जवळ दुसरं कुणी नाही.

यात दोन गोष्टी जपायला हव्यात. पहिली, या बोलीचा उगाच गौरव नको. तिच्यात बायकांवरच्या शिव्या आहेत, जातीवाचक शिव्या आहेत, आणि त्या आपलीही माणसं देतात. गोदीचे नोंदवलेले शब्द बहुतेक पुरुषांचे असतात. ससून डॉकवर कोळंबी सोलणाऱ्या, वस्तीत पुठ्ठा आणि पन्नी वेगळी करणाऱ्या बायकांच्या शब्दांची तर कुणी विचारपूसच केलेली नाही. नोंद करताना शिवी शिवी म्हणूनच नोंदवावी आणि ती कुणावर पडते तेही लिहावं. दुसरी, प्रमाणभाषा टाकून देऊ नका. अर्ज, निकालपत्र, शोधनिबंध आणि स्पर्धा परीक्षा तिच्यातच आहेत. ती नीट शिकणं हा आपला हक्क आहे. फक्त ती शिकण्याची किंमत म्हणून घरच्या भाषेची लाज विकत घेऊ नका.

काम छोटं आहे आणि आजपासून करता येतं. प्रबंध किंवा प्रकल्प करत असाल तर परिशिष्टात शब्दसूची द्या: शब्द, अर्थ, कोणत्या कामात वापरतात, कुणाकडून ऐकला. मार्गदर्शक नाही म्हणाले तर मराठी विक्शनरी सर्वांना खुली आहे, तिथे घाला. आईवडिलांचं बोलणं फोनवर त्यांना विचारून ध्वनिमुद्रित करा. आणि मुलाखतीत कुणी ‘टोळी म्हणजे काय’ असं हसून विचारलं, तर शांतपणे अर्थ सांगा. हा शब्द ज्यांनी घडवला, त्यांनी या शहराचा माल उतरवला आहे, हेही सांगा.