ममीच्या पोटातलं चीज आणि गेटजवळचा देवचार

हॅलोविनच्या पार्टीत चीजची ममी करून ठेवली म्हणून आपली संस्कृती बुडते, असं ज्यांना वाटतं त्यांच्याशी मला आज भांडायचं आहे. आणि ती ममी ठेवली म्हणजे आपण एकदम जगाच्या पंक्तीला जाऊन बसलो, असं ज्यांना वाटतं त्यांच्याशीही. दोन्ही पक्ष आमच्याच वसाहतीत राहतात. दोघांच्याही घरी चवथीला मी माटोळी बघायला जाते. हे वाचल्यावरही मला बोलावतील, अशी आशा आहे.

आधी तो पदार्थ काय ते सांगते, कारण त्यावर तावातावाने बोलणाऱ्यांपैकी निम्म्यांनी तो चाखलेला नाही. ब्री नावाचं एक फ्रेंच चीज असतं. पॅरिसच्या पूर्वेला ब्री नावाचाच प्रदेश आहे, तिथलं हे मूळ. बाहेरून पांढऱ्या बुरशीची मऊ साल, आत लोण्यासारखा पिवळसर गर. त्याची छोटी चकती मिळते. भट्टीत घातली की सालीच्या आतल्या आत चीज वितळतं आणि कापल्यावर सावकाश बाहेर येतं. अमेरिकेत हॅलोविनच्या सुमारास या चकतीला पफ पेस्ट्रीच्या पट्ट्या आडव्यातिडव्या गुंडाळतात, मध्ये एक फट ठेवतात आणि तिथे ऑलिव्हचे दोन डोळे लावतात. झाली ममी! पाहुण्यांनी तिचं पोट फोडायचं आणि आतला ऐवज पावाच्या तुकड्याने पुसून खायचा. वाचायला किळसवाणं वाटतं ना? तीच तर त्यातली गंमत.

२०२४ साली मुलीच्या हट्टापायी मी ती पहिल्यांदा केली. पफ पेस्ट्री म्हणजे काही आकाशातून पडलेली वस्तू नव्हे. आपल्या बेकऱ्यांत जे पॅटिस मिळतात, त्यांचंच ते पीठ. आमच्या बेकरीवाल्याने लाटलेलं पीठ आनंदाने दिलं, वर "कोणाचं लग्न?" असंही विचारलं. या पिठात चरबीचे पापुद्रे असतात. भट्टीत पाण्याची वाफ होते, ती पापुद्रे उचलते आणि पीठ फुलतं. चरबी आधीच वितळली तर पापुद्रे एकमेकांना चिकटतात आणि हाती चामडं येतं. गोव्याच्या ऑक्टोबरात पट्ट्या कापता कापताच पीठ पाघळू लागतं, म्हणून अर्ध्यावर ते पुन्हा फ्रीजमध्ये ठेवावं लागतं. चकतीवर जॅम पसरतात. मी पेरादचे पातळ काप ठेवले. पेराद म्हणजे पेरूची आपली लाल वडी, जिला इंग्रजीत 'ग्वावा चीज' म्हणतात आणि जिच्यात चीजचा कणही नसतो. खारट ब्रीला तिचा गोडआंबटपणा असा लागला की मुलीच्या मैत्रिणींनी ताट चाटूनपुसून ठेवलं. वरून अंड्याचा (चालत नसेल तर दुधाचा) हात, दोनशे अंशांवर वीस-पंचवीस मिनिटं, आणि बाहेर काढल्यावर दहा मिनिटं कोणालाही हात लावू द्यायचा नाही. नाहीतर ते पाण्यासारखं पळतं आणि जीभही पोळते. डोळे भाजल्यानंतर लावायचे. सोबत भाजलेली पोयी किंवा कांकणाचे तुकडे. कांकण यासाठी इतकं चांगलं आहे की पोदेराला हे आधी ठाऊक असायला हवं होतं.

शाकाहारी मंडळींसाठी एवढंच, की पारंपरिक ब्रीमध्ये वासराच्या पोटातलं रेनेट असतं; सूक्ष्मजीवांपासून केलेलंही असतं. लेबल वाचावं. आमच्याकडे एकीने पनीरची 'स्वदेशी ममी' करून पाहिली. पनीर आंबट घालून फाडलेलं असतं, ते तापवलं तरी वितळत नाही. कापलं तर पोटातून काहीच बाहेर येईना. मी तिला म्हटलं, तुझी ममी जास्त खरी आहे. इजिप्तमध्ये आतडी, यकृत, जठर काढून वेगळ्या बरण्यांत ठेवत असत.

आता भांडण.

आमच्या खालच्या मजल्यावर एक निवृत्त भाऊ राहतात. माणूस सज्जन आहे, वाचन दांडगं आहे. त्यांनी वसाहतीच्या समितीला पत्र दिलं, की मेलेल्या माणसाची आकृती करून ती खाणं आपल्या संस्कृतीत बसत नाही आणि मुलांवर हे संस्कार नकोत. भाऊ, मग पिंड म्हणजे काय? भाताचा गोळा करायचा, त्याला आजोबांचं नाव द्यायचं, वडिलांचं नाव द्यायचं, त्यांना वाढायचं. आणि त्यातला मधला पिंड पुत्राची इच्छा असलेल्या पत्नीने खावा, असं मनुस्मृतीच्या तिसऱ्या अध्यायात सांगितलेलं आहे. आपल्या पूर्वजांना मेलेल्या माणसांची तुमच्याइतकी शिसारी नव्हती. म्हाळाच्या दिवशी वडे-खिरीचं पान वाढून कावळ्याची वाट बघत उभं राहणारे लोक आपण. मेलेल्यांना काय आवडायचं हे ज्या स्वयंपाकघरात पिढ्यान् पिढ्या लक्षात ठेवलं गेलं, त्या स्वयंपाकघराला ममीच्या दोन ऑलिव्हच्या डोळ्यांची भीती कशाला?

'हे परकं आहे' या मुद्द्याला मी फार वेळ देणार नाही. मिरची, बटाटा, काजू आणि पाव यांचं काय करायचं ते आधी ठरवा, मग ब्रीकडे या. युरोपबद्दलच बोलायचं तर तिथे कित्येक शतकं खऱ्याखुऱ्या ममीची पूड औषध म्हणून विकली आणि खाल्ली जात होती. त्या मानाने चीज बरं.

शिवाय तारीख बघा. २०२४ साली नरकचतुर्दशी ३१ ऑक्टोबरलाच आली होती. म्हणजे ज्या पहाटे आपण वाड्यावाड्यावर लाल डोळ्यांचे, सुळ्यांचे, दुमजली उंचीचे नरकासुर जाळले, कारीट चिरडलं, पाच तऱ्हांचे पोहे खाल्ले, त्याच संध्याकाळी मुलांनी चीजची ममी फोडली. भेसूर आकृती करा, तिला नाचवा, मग तिचा फडशा पाडा आणि गोडधोड खा, हे आमच्या मुलांना अमेरिकेने शिकवलेलं नाही. कर्णे लावून रात्रभर घरांच्या काचा हादरवणाऱ्या नरकासुरांबद्दल मात्र भाऊंचं पत्र कधी आलेलं नाही. असो.

दुसऱ्या पक्षावर माझा राग जास्त आहे, कारण ते स्वतःला पुढारलेले म्हणवतात. कार्यकारिणीतली ही तरुण मंडळी. लॉबीत कोळ्यांची जाळी, लिफ्टमध्ये प्लास्टिकचा सांगाडा, मुलांसाठी काळ्या टोप्या. छान! पण त्यांना विचारलं, की हे कशासाठी असतं, तर उत्तर येतं, "मजा." मजा तर आहेच. पण ३१ ऑक्टोबर ही सर्व संतांच्या सणाची पूर्वसंध्या. १ नोव्हेंबर संतांचा, २ नोव्हेंबर मेलेल्या सर्व आत्म्यांचा. आयर्लंड-ब्रिटनमध्ये त्याच्याही आधीपासून पीक घरात आल्यावर, हिवाळा लागताना सांव्हन नावाचा सण असे आणि त्या रात्री मेलेले घरी परततात अशी समजूत होती. इंग्लंडात गोरगरीब दारोदार जात, घरातली बाई त्यांना 'आत्म्याची पोळी' म्हणून छोटी गोड भाकरी देई आणि ते त्या घरच्या मृतांसाठी प्रार्थना करीत. एकोणिसाव्या शतकात आयरिश माणसं उपाशीपोटी अमेरिकेला गेली, तिथे सलगमाऐवजी भोपळा मिळाला, तो कोरला. पुढे बाजाराने काय केलं ते आपण बघतोच. पण मुळाशी गोष्ट एवढीच आहे, की मेलेल्यांच्या नावाने कोणाच्या तरी हातावर अन्न ठेवायचं.

आमच्याच गोव्यात २ नोव्हेंबरला ख्रिस्ती शेजारी थडगी धुऊन फुलं आणि मेणबत्त्या लावतात. आमच्या लॉबीतला सांगाडा ३१ तारखेच्या रात्री उतरवला गेला. दोन दिवसांनी आमच्याच मजल्यावरच्या आंटी हातात शेवंतीची जुडी घेऊन एकट्याच सिमेतेरीला निघाल्या, तेव्हा त्या पार्टीतलं कोणीही त्यांना "सोडायला येऊ का?" म्हणालं नाही.

आणि हीच मंडळी मला म्हणतात, देवचार म्हणजे अंधश्रद्धा.

आमची वसाहत डोंगर कापून उभी राहिली आहे. गेटच्या उजव्या हाताला, कुंपणाला लागून एक सातवीण आहे आणि तिच्या बुंध्याशी गुडघाभर उंचीचा एक दगड. तो गावच्या सीमेवरचा देवचार. गोव्याच्या गावागावांतून तो असतो हे तुम्हाला सांगायला नको. खांद्यावर घोंगडी, हातात दांडा, पायांत वहाणा. रात्री सीमेवरून फिरतो, वाट चुकलेल्याला घरी आणून सोडतो, हद्द ओलांडून वाईट हेतूने आलेल्याला चकवतो. त्याला जाडजूड रोट लागतो, विडी लागते, सुरेचा घोट लागतो. वर्षातून एकदा खालच्या वाड्यावरची चार-पाच माणसं येतात, रोट ठेवतात, गाऱ्हाणं घालतात आणि जातात. आमच्यापैकी कोणी त्यांच्याशी बोलत नाही. एरवी त्या दगडापुढे उदबत्ती लावतो तो आमचा रखवालदार. तो ओडिशाचा आहे. मी विचारलं तर म्हणाला, "रात्री मी एकटाच असतो ना ताई, दोघे असलो तर बरं."

मुलांना भीतीची गंमत हवी असते, ती त्यांच्या वयाची भूकच आहे. पण त्यासाठी दिचोली तालुक्यात साळला गड्यांची जत्रा आहे, शिगम्यात तीन रात्री चालते. अंधारात हजारो माणसं डोंगराकडे डोळे लावून उभी असतात, गडे धावत सुटतात, देवचार त्यांतल्या काहींना घेऊन जातो आणि उरलेले त्यांना शोधत फिरतात, अशी तिथली श्रद्धा. मी लेकीला घेऊन गेले होते. तिने माझा हात जो धरला तो परत येईपर्यंत सोडला नाही. श्रद्धा ठेवा, ठेवू नका. पण एवढा अंधार तिला प्लास्टिकच्या सांगाड्याने दिला नसता. सोबतीला वसाहतीतल्या दोघा मुलांना नेऊ का म्हणून विचारलं होतं. "नको, उगाच मनावर परिणाम होतो," म्हणाले. ज्यांनी पाच वर्षांच्या मुलाच्या गालावर लाल रंगाची जखम रंगवली होती, त्यांनीच हे म्हणावं!

माझा मुद्दा चीजविरोधी नाही. यंदाही मी ममी करणार आहे, या खेपेला दोन, आणि एकीत पेरादऐवजी मांगाड घालून बघणार आहे. मुद्दा असा, की भाऊ आणि कार्यकारिणी हॅलोविनवरून तोंड फिरवून बसलेले असताना एका गोष्टीवर मात्र त्यांचं एकमत झालं. गाड्या वाढल्या, जागा नाही, तेव्हा सातवीण तोडावी, दगड हलवावा आणि तिथे दोन गाड्यांची सोय करावी. भाऊंचं म्हणणं, आपल्या धर्मात मुख्य देव सोडून ही दारू-विडीची दैवतं कुठून आली? कार्यकारिणीचं म्हणणं, एकविसाव्या शतकात दगडाला कोण विचारतो? दोन टोकांची माणसं एकाच पार्किंगमध्ये येऊन थांबली.

भाऊ, संस्कृती वाचवायची तर ती गेटपासून वीस पावलांवर आहे, आणि तुम्ही तिच्यावर सिमेंट ओतायला सही दिली आहे. आणि मित्रमैत्रिणींनो, तुम्हाला भुतं आवडतात म्हणता. तुम्हाला पाकिटातली भुतं आवडतात. हे मात्र आपल्या आधीपासून इथे आहे, त्याचे लोक अजून खाली राहतात, आणि ऑक्टोबरात त्या सातविणीला फुलं आली की रात्री लिफ्टपर्यंत वास येतो. तुमच्या सजावटीचं अर्धं काम ते झाड फुकट करतं.

सर्वसाधारण सभा येत्या रविवारी आहे. विषयपत्रिकेवर सहाव्या क्रमांकाला 'गेटजवळील अनधिकृत दगड हटविणे' असं लिहिलं आहे. 'अनधिकृत' हा शब्द फायलीत कुठे लिहायचा आणि कुठे नाही, हे सरकारी नोकरीत रोज बघते मी. इमारतीच्या आधीपासून जागेवर असलेल्या वस्तूला तो लावता येत नाही. तसा लेखी आक्षेप मी सचिवांकडे दिला आहे. खालच्या वाड्यावरच्या लोकांना सभेला बोलावून विचारल्याशिवाय झाडाला हात लावू नये, हीही मागणी त्यात आहे. दोन प्रती दिल्या, एकीवर पोच घेतली आहे.