‘काम चालू’ची पाटी वाचता ना?

गणपतीला गावी जायचंय. ट्रेनचं तिकीट वेटिंगवर, एसटी फुल्ल. मग ग्रुपवर कुणीतरी टाकतंच, ‘चला रे, बाइकवर जाऊ!’ मुंबई-गोवा महामार्गाचं चौपदरीकरण 2011 मध्ये सुरू झालं. तुमच्यातल्या अनेकांनी तेव्हा शाळेची पायरीही चढली नसेल. तेव्हापासून या वाटेवर डायव्हर्जन, खडीचे ढीग आणि ‘काम चालू’च्या पाट्या पाहतच आपण मोठे झालो. त्यामुळे झालंय काय, की त्या पाट्या आपल्याला दिसतात, पण आपण त्या वाचत नाही.

खरी गोची इथेच आहे. पाटी दिसली की आपण विचार करतो, ‘पुढे बघू.’ आणि पुढे दिसतं तेव्हा उशीर झालेला असतो. थोडं गणित करा. ताशी 60 किलोमीटर वेगाने गाडी एका सेकंदात जवळपास 17 मीटर जाते. म्हणजे खड्डा दिसून हात ब्रेकवर जाईपर्यंतच 17 मीटर संपले. गाडी थांबायला अजून सुरुवातही नाही. अकरावीचं फिजिक्स आठवतंय? वेग दुप्पट झाला की ब्रेक लागल्यानंतरचं अंतर चौपट होतं. आणि हे कोरड्या, चांगल्या रस्त्याचं गणित. बारीक खडीवर, चिखलावर किंवा ओल्या लोखंडी प्लेटवर टायरची पकडच सुटते. तिथे पुढचा ब्रेक करकचून दाबलात, तर गाडी आडवी झालीच म्हणून समजा.

म्हणून वेग पाटीपाशीच कमी करा, खड्ड्यापाशी नाही. गाडी सरळ असतानाच ब्रेक हलके दाबा, मगच डायव्हर्जनला वळा. दोन लेनची एक होते तिथे डावीकडून घुसू नका. एकाआड एक गाडी गेली तर सगळेच लवकर सुटतात. पुढच्या ट्रकला चिकटून चालू नका, कारण त्याच्या चाकाखालून काय बाहेर येईल हे तुम्हाला दिसत नाही. इअरफोन खिशात ठेवा. मॅपवर विसंबू नका, काल वळवलेला रस्ता त्याला आज माहीत असेलच असं नाही. हेल्मेट घातलंय ना? मग पट्टाही लावा. आणि शक्यतो उजेड असताना प्रवास करा. समोरच्याने अप्पर मारला की सिमेंटचा ब्लॉक आणि अंधार यांत फरक कळत नाही.

आणखी एक गोष्ट. त्या बॅरिकेडच्या आत माणसं असतात. लाल झेंडी घेऊन उभा असलेला मुलगा कदाचित तुमच्याच वयाचा असेल. तुमचं कॉलेज असतं, तशी त्याची ती ड्युटी. त्याच्या आणि तुमच्या बाइकच्या मध्ये बऱ्याचदा फक्त एक प्लास्टिकचा कोन असतो. त्याला हॉर्न मारून काय होणार? रस्ता त्याने अडवलेला नाही, तो तुम्हाला वाचवायला उभा आहे.

‘पण पाटीच नसते, त्याचं काय?’ अगदी बरोबर प्रश्न. काम सुरू होण्याच्या बरंच आधी इशारा द्यायचा, मग वाहतूक वळवायची, हे नियम इंडियन रोड्स काँग्रेसने लिहून ठेवलेत. मोटार वाहन कायद्यात 2019 च्या दुरुस्तीने कलम 198-अ आलं. सुरक्षेचे निकष न पाळल्याने कुणाचा जीव गेला किंवा अपंगत्व आलं, तर जबाबदार ठेकेदाराला 1 लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. पण माणूस गेल्यावर होणाऱ्या दंडाचा कुणाला काय उपयोग? म्हणून आधीच बोला. पाटी नाही, दिवा नाही, खड्डा उघडा आहे, असं दिसलं तर गाडी सुरक्षित जागी थांबवा, फोटो काढा, राष्ट्रीय महामार्ग असेल तर 1033 वर कळवा. रील टाकायला हरकत नाही, पण तक्रार आधी.

ठेकेदाराची चूक तुमच्या वेगाने भरून निघत नाही, उलट दुप्पट होते. त्याच्याशी भांडूच आपण, पण त्यासाठी धडधाकट घरी पोचायला हवं. आरतीला दहा मिनिटं उशीर झाला तर बाप्पा रागावत नाही. आई मात्र दारात उभी असते.