फास्टिंग आहे का?



परवा साखर तपासायला इथे भिवंडीतच लॅबमध्ये गेले. खुर्चीवर बसायच्या आत मुलीने विचारलं, "आंटी, फास्टिंग आहे का?" मी हो म्हटलं. आदल्या संध्याकाळी चौविहार केला होता, पोटात काही नव्हतं. पण तो काही उपवास नव्हता, हे तिला कुठे सांगत बसणार!

या एका शब्दात किती गोष्टी कोंबल्या आहेत बघा. कल्याणहून पकडतो ती फास्ट लोकल. दुकानदार सांगतो, "ताई, फास्ट कलर आहे, धुऊन जाणार नाही." आपण दिवसभर यंत्रमागाची खडखड ऐकणारी माणसं, कापडाचा हा फास्ट आपल्याला बरोबर कळतो. आणि गंमत म्हणजे इंग्रजीतला जुना अर्थ तोच आहे, घट्ट, पक्का. उपवासाचा फास्टही त्यातूनच आला, नियम घट्ट धरणं. वेगाचा अर्थ नंतरचा. सकाळचा ब्रेकफास्ट म्हणजे सरळ आपलं पारणं.

म्हणजे शब्द वाईट नाही. आपण त्यातला घट्टपणा सोडला आणि रिकामं पोट तेवढं ठेवलं.

माझी पुतणी रोज सोळा तास 'फास्ट' करते. बारा वाजता मोबाइल वाजतो, मग जेवते. तब्येतीसाठी आहे, करू दे. पण पर्युषणात तिने उपवास केला आणि पारण्याच्या सकाळी अॅप दाखवत आली, "आजी, ३६ तास!" सासूबाईंनी एवढंच विचारलं, "पच्चक्खाण घेतलं होतंस का?" पोरगी गप्प. मला तिची दया आली, कारण ते शिकवायचं काम माझं होतं. सूर्योदयानंतर ४८ मिनिटांची नवकारशी असली तरी आपण पच्चक्खाण घेतो. आणि बाह्य तपाच्या सहा प्रकारांत अनशनानंतर लगेच ऊणोदरी येते, दोन घास कमी खाणं. ते कुठल्या अॅपमध्ये मोजणार? डायटला डायट म्हणावं, त्यात कमीपणा नाही.

खरी भीती मला दुसऱ्याच ठिकाणी वाटते. १० ऑगस्ट २०१५ ला राजस्थान उच्च न्यायालयाने संथारा आत्महत्येत धरला. ३१ ऑगस्टला सर्वोच्च न्यायालयाने त्या निकालाला स्थगिती दिली. त्या दिवसांत इंग्रजीत संथाऱ्याला 'फास्ट अनटू डेथ' म्हटलं जायचं, म्हणजे आमरण उपोषण. १९३२ च्या सप्टेंबरात गांधीजी येरवडा तुरुंगात बसले ते आमरण उपोषण, समोर सरकार होतं, मागणी होती. संथाऱ्यात कोणाकडे काय मागायचं? उलट लवकर मरण यावं असं मनात आलं तरी तो अतिचार, आणि अजून जगावं असं वाटलं तरी अतिचार. हे त्या तीन इंग्रजी शब्दांत कुठेच बसत नाही.

मुलांच्या शाळेत, ऑफिसात कोणी विचारलं तर संथारा हाच शब्द वापरा. मग दोन मिनिटं बसून समजावा. मी पुतणीपासून सुरुवात केली आहे. तिचे प्रश्न इतके आहेत की काल कुकरच्या शिट्ट्या मोजायच्या राहिल्या आणि डाळीचा अगदी गाळ झाला.